शिल्लक कुणाची?

माझी थोरली बहीण माई संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय शहात्तर. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते; त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांच्या पेन्शनीवर तिचे नीट चालते. मुलगा पुण्याला, मुलगी बडोद्याला. ‘इकडे येऊन राहा’ असे दोघेही म्हणतात आणि ती दोघांनाही ‘एवढा पावसाळा होऊ दे, मग बघू’ असे सांगते. असे किती पावसाळे झाले हे आता कुणी मोजत नाही.

2025 च्या श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला. एरवी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग आंब्या-फणसांची हकिगत सांगते आणि शेवटी कामाचे बोलते. त्या दिवशी तसे काही न करता म्हणाली, ‘‘बाळ्या, माझ्या फोनात ते नेट घालून दे.’’

मला हसू आले. सहाच महिन्यांपूर्वी भाच्याने पाठवलेला स्मार्टफोन तिने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. ‘मला ते बोटाने सरकवायचे फोन नकोत,’ असा तिचा हुकूम होता. मी थट्टेने विचारले, ‘‘आता काय, पणतीला बघायचंय वाटतं?’’

‘‘पणतीला मी सुट्टीत बघेन. पलीकडची वहिनी गेली. मला तिसऱ्या दिवशी कळलं.’’

पलीकडची वहिनी म्हणजे पऱ्यापलीकडच्या घरातली. माई लग्न होऊन त्या वाडीत आली तेव्हापासूनची, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळाची, सोबतीण. दोघींनी मिळून काजू भाजले, कुळीथ निवडले, एकमेकींच्या मुलांना न्हाऊ-माखू घातले. ती पहाटे गेली. सहा वाजता वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडला, अकराच्या आत सगळे आटोपले. पाऊस मुसळधार, पऱ्या भरलेला, साकवावरून कुणाचे येणे-जाणे नाही. माईला तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने सांगितले. तिला मुद्दाम कुणी वगळले नव्हते. पूर्वी अशा वेळी घरोघर सांगायला माणूस जायचा. आता निरोप ग्रुपवर पडला म्हणजे तो सगळ्यांना पोचला, अशी प्रत्येकाची समजूत असते. एखाद्याच्या मनात माईचे नाव आलेही असेल. पण दुसऱ्या कुणी तिला फोन केलाच असेल, असे त्यालाही वाटले असणार.

हे सगळे सविस्तर सांगतो आहे, कारण इंटरनेट म्हटले की आपल्या पिढीतल्या पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. ‘म्हाताऱ्या माणसाला काय करायचंय नेट?’ असा प्रश्न येतो. माझ्याही मनात तो होता. पण वाडीची दवंडी जर आता त्या वाटेने जाऊ लागली असेल, रेशन दुकानात धान्य आल्याचे, एस.टी.ची फेरी रद्द झाल्याचे, वीज कधी येणार याचे, ग्रामसभेचे आणि मर्तिकाचेही निरोप तिथूनच येत असतील, तर त्या वाटेवर नसलेला माणूस वाडीत राहूनही वाडीबाहेर पडतो. माईला चैन नको होती. तिला वेळेवर कळायला हवे होते.

आता माझ्या डोक्यातला बँकवाला जागा झाला. तीस-पस्तीस वर्षे मी व्हाऊचरे तपासली आहेत. फोनवर नेट घालणे म्हणजे असून असून काय असणार? चालू खात्याला एक सोय जोडायची. ग्राहक म्हणतो चेकबुक द्या, आपण अर्ज घेतो आणि चेकबुक देतो. त्यासाठी त्याला जुने खाते बंद करून नवे उघडायला कुणी सांगत नाही. अशा भ्रमात मी कोल्हापुराहून आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे देवरुखला पोचलो.

इथे थोडे मागे जायला हवे. माईच्या फोनावर तेव्हा जो प्लॅन होता, तो मीच घालून दिला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, 23 डिसेंबर 2024 रोजी ग्राहक संरक्षण नियमांत बारावी दुरुस्ती केली. तिच्यात कंपन्यांना सांगितले की, फक्त बोलणे आणि एसएमएस यांच्यासाठीचे स्वतंत्र व्हाऊचरही तुम्ही ठेवले पाहिजे. तोवर बहुतेक प्लॅनांत डेटा गळ्यात मारलेलाच असे. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याला, ज्याच्या फोनाला इंटरनेट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यालाही डेटाचे पैसे मोजावे लागत. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी आणि त्याने ‘दुधी घेतलात तरच मिळेल’ म्हणावे, असा तो व्यवहार. याच दुरुस्तीने अशा खास व्हाऊचरांची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. 2025 च्या जानेवारीत कंपन्यांनी असे प्लॅन बाजारात आणले. पहिल्या दरांवर टीका झाली, ‘डेटा काढला, पण किंमत जवळजवळ तीच ठेवली’ असे लोक म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत ते काहीसे खाली आले. फेब्रुवारीत मी माईच्या फोनावर वर्षभराचा, फक्त बोलण्याचा प्लॅन घातला. सतराशे-अठराशेच्या घरातली रक्कम एकदम भरली आणि वर्षभराची चिंता मिटली म्हणून घरी येऊन बायकोला ऐकवलेसुद्धा.

देवरुखच्या बाजारपेठेतल्या दुकानात विशी-बाविशीचा मुलगा होता. हुशार आणि अदबशीर. मी म्हटले, या नंबरावर थोडा डेटा घालायचा आहे. महिन्याला एक जीबी पुरेल, दोन म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याने नंबर टाकला, पाहिले आणि मान हलवली.

‘‘काका, याच्यावर डेटा बसत नाही.’’

‘‘बसत नाही म्हणजे?’’

‘‘हा व्हॉइसचा प्लॅन आहे. याला ॲड-ऑन घेत नाही. नवा प्लॅन मारावा लागेल.’’

‘‘आणि याचे सहा महिने उरलेत ते?’’

‘‘ते पण चालू राहतील की. दोन्ही चालतील.’’

दोन्ही चालतील! नव्या प्लॅनमध्ये अमर्याद बोलणे आहेच, आणि जुन्या प्लॅनमध्ये दुसरे काही नाहीच. म्हणजे एकाच माणसाने एकाच प्रवासाची दोन तिकिटे काढायची आणि दोन्ही कंडक्टरला दाखवायची. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा असे करत करत एका मुलीपर्यंत पोचलो. तिने अत्यंत गोड आवाजात तेच सांगितले. उरलेल्या सहा महिन्यांच्या साधारण नऊशे रुपयांचे काय, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. ती बिचारी समोरच्या पडद्यावर जे लिहिलेले होते ते वाचत होती. आम्हीही काउंटरवर बसून सर्क्युलर वाचून दाखवीत असू. त्यामुळे तिच्यावर रागावता येईना.

मी आणखी एक उपाय करून पाहिला. ट्रायच्याच 2015 च्या एका नियमाप्रमाणे ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याच्या फोनावर डेटा सुरू किंवा बंद करता येत नाही, आणि त्यासाठी 1925 हा क्रमांक आहे. ‘स्टार्ट’ असा एसएमएस पाठवला की सुरू, ‘स्टॉप’ पाठवला की बंद. त्या काळी चुकून एखादे बटण दाबले जाऊन नेट सुरू व्हायचे आणि शिलकीतले पैसे कापले जायचे. त्यावरचा हा तोडगा. चांगला नियम आहे, वाचकांनी लक्षात ठेवावा. मी एसएमएस पाठवला, सेवा सुरू झाल्याचे उत्तरही आले. पण ही झाली गोठ्याची कडी. कडी उघडली तरी आत वैरण नव्हती. डेटा ‘सुरू’ असणे आणि डेटा ‘असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळले.

बाहेर पाऊस कोसळत होता, परतीची एस.टी. गाठायची होती. मुलाने सुचवलेला, रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन मी 299 रुपये देऊन घेतला. माईचा स्मार्टफोन फडक्यातून बाहेर निघाला. घरात सिग्नल मिळत नाही. पडवीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले तर मिळतो. तिथे एक खुर्ची ठेवली. शेजारच्या मुलीने वाडीच्या ग्रुपमध्ये माईचा नंबर घातला. माझे काम संपले.

पण आकड्यांशी आयुष्य काढलेल्या माणसाचे काम असे संपत नाही. महिनाभराने पुन्हा गेलो तेव्हा फोनाच्या सेटिंगमध्ये जाऊन हिशेब पाहिला. अठ्ठावीस दिवसांत माईने वापरलेला डेटा सव्वा जीबी. आम्ही विकत घेतलेला डेटा अठ्ठावीस गुणिले दीड, म्हणजे 42 जीबी. बाकीचे चाळीस जीबीहून अधिक कुठे गेले? रोज मध्यरात्री बाराच्या ठोक्याला ते थोडे थोडे नाहीसे होत गेले.

माझ्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो. पैसे आधी देतो तो धनको आणि माल नंतर देतो तो ऋणको. ठेवीदार बँकेत पैसे भरतो म्हणून तो बँकेचा धनको. काउंटरपलीकडे उभा राहून तो कितीही अजिजीने बोलला तरी कायद्याने बँक त्याचे देणे लागते. प्रीपेड फोनाचा ग्राहक नेमका याच जागी उभा आहे. तो आधी पैसे भरतो, सेवा नंतर घेतो. आणि तरीही वागवला जातो तो थकबाकीदारासारखा. ‘आपली मुदत तीन दिवसांत संपत आहे’, ‘आपली मुदत उद्या संपत आहे’, ‘आपल्या आउटगोइंग सेवा बंद झाल्या आहेत’ – हे निरोप वाचा. आमच्या वसुली खात्याच्या नोटिसांची भाषा याहून सौम्य होती, आणि त्या कर्ज बुडवणाऱ्यांना जात.

बँकेत एखाद्याने दहा वर्षे खात्याकडे ढुंकून पाहिले नाही, तरी त्याचे पैसे बँकेचे होत नाहीत. 2014 पासून असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात, आणि त्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचा वारस आला तर बँकेला ते परत द्यावे लागतात. दहा वर्षांनंतरही शिल्लक त्याची. इथे चोवीस तासांनंतर ती कुणाची, हेही कुणी सांगत नाही.

बँका फार साधू आहेत असे मला म्हणायचे नाही, वाचक हसतील. आम्हीही हेच केले आहे. 31 मार्च 2010 पर्यंत बचत खात्यावर व्याज कसे मिळे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच व्याज. 11 तारखेला पैसे भरले तर त्या महिन्याचे व्याज नाही. वीस हजार पंचवीस दिवस ठेवून 26 तारखेला काढले, तरी नाही. मास्तरांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला जमा व्हायचा आणि विसाव्या दिवसापर्यंत किराणा, दूध, फी यांत संपायचा. तो पगार बँकेत पडून असायचा त्या दिवसांचे व्याज बँक स्वतःकडे ठेवायची, आणि मी लेजरवर मान खाली घालून ते ‘उत्पादन’ काढायचो. माईच्या यजमानांनी एकदा मला विचारलेही होते, ‘‘अरे, वीस दिवस पैसे तुमच्याकडे होते ना?’’ मी ‘नियम आहे’ म्हणालो. तो नियम रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून बदलला आणि रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले. बँका बुडाल्या नाहीत. बदल आपणहून कुणी केला नव्हता, करायला लावला गेला, एवढे मात्र नमूद करायला हवे.

फोनच्या बाबतीतही असे घडले आहे. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. आमच्या शाखेतल्या एका बड्या खातेदाराकडे तसा फोन होता. तो वाजला की तो नंबर पाहून कट करी आणि आमच्या टेबलावरच्या फोनवरून उलट फोन लावी. 2003 मध्ये नियम बदलले आणि येणारा कॉल फुकट झाला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर, आधी दोन-अडीचशे रुपयांना मिळणारा एक जीबी इतका स्वस्त झाला की तो रोजच्या वाट्याने मिळू लागला. हे सगळे चांगलेच झाले. पण स्वस्ताईच्या त्या लाटेत एक गोष्ट आपल्या नकळत बदलली. आधी आपण वापरू तेवढ्याचे पैसे देत होतो. आता दिवसांचे पैसे देऊ लागलो. शंभर रुपयांचा रिचार्ज महिनोन्महिने पुरवणारी माणसे होती. मिस्ड कॉलवर संसार चालवणारी माणसे होती. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली, 28 दिवसांना 35 रुपये. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर मोठ्या खासगी कंपन्यांचा 28 दिवसांचा साधा प्लॅन 189-199 रुपयांवर गेला.

आणि हे 28 दिवस! महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो तो फक्त फेब्रुवारीत, तोही चारांतल्या तीन वर्षी. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे 364. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. 299 च्या प्लॅनचे वर्षाला 3588 होतील असे आपण मनाशी धरतो, होतात 3887. तेरावा महिना आपल्याकडे अधिकमासात येतो, तोही साधारण तीन वर्षांतून एकदा. इथे तो दरसाल आहे. ट्रायने जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला की, 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारा असा निदान एकेक प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवावा. ठेवलेले आहेत. दुकानात जाऊन मागून पाहा. सांगणारा मुलगा आधी दुसरेच काहीतरी दाखवील.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती खोटी नाही. दूरसंचारातल्या एका परिचिताने मला ती समजावून सांगितली. खर्च असतो तो मनोऱ्यांचा, तारांचा आणि लिलावात घेतलेल्या लहरींचा. एकदा हे जाळे उभे राहिले की तुमच्या माईने एक जीबी वापरला काय आणि चाळीस वापरले काय, कंपनीच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय 4जीवर आवाजसुद्धा डेटा म्हणूनच धावतो. ‘तेव्हा काका, तुम्ही डेटाचे पैसे देतच नाही आहात. जोडलेले राहण्याचे देता.’

पटले. पण मग तसे सांगा. जुन्या टेलिफोनच्या बिलात भाडे वेगळे असे आणि कॉल वेगळे असत. भाडे कबूल होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आज कंपन्या भाडे घेतात आणि त्याला डेटाचे नाव देतात. मग डेटा जर इतका फुकटात पडत असेल, तर उरलेला पुढच्या दिवशी वापरू द्यायला अडचण कसली? तांत्रिक अडचण नाही, हे तर दिसतेच आहे. काही पोस्टपेड प्लॅनांत उरलेला डेटा पुढच्या महिन्यात नेता येतो. प्रीपेडमध्येही एखादी कंपनी आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देते. यंत्राला हे जमते. आणि डेटा जर काहीच खर्चाचा नसेल, तर जुलै 2024 नंतर एक जीबीचे जादा व्हाऊचर 19 ते 22 रुपयांना का, आणि त्यातल्या काहींची मुदत, जी आधी मूळ प्लॅन संपेपर्यंत होती, ती 2025 च्या जानेवारीत एका दिवसावर का आली? एका दिवसाची मुदत ठेव मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला बँकवाला म्हणून टोचते. पासबुक नाही. माईच्या बँकेच्या पासबुकात तिच्या पेन्शनीची प्रत्येक नोंद आहे. ती चष्मा लावून ओळ न् ओळ वाचते आणि एकदा तिने आमच्याच शाखेची चूक काढली होती. फोनावर वर्षभरात तीन हजार खर्च होतात, पण कागद नाही. नियमाने प्रीपेड ग्राहकालाही सविस्तर तपशील मागता येतो, त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त 50 रुपये आकारू शकते. हा हक्क आहे हे किती जणांना ठाऊक असेल? देवरुखच्या त्या मुलाला तरी ठाऊक नव्हता. तो म्हणाला, ‘‘ॲपमध्ये सगळं दिसतं.’’ ॲप पाहायला डेटा लागतो.

हे मी एका माईपुरते लिहीत नाही. ट्रायची दुरुस्ती आली तेव्हा देशात साधे फोन वापरणारे सुमारे 15 कोटी असावेत, असा अंदाज मांडला गेला होता. या माणसांना कायम तिथेच ठेवायचे, की त्यांच्यातल्या ज्याला हवे त्याला हळूच एक पायरी चढू द्यायचे? बोलण्याचा वेगळा प्लॅन देऊन एक दार उघडले खरे. पण त्या खोलीतून पुढच्या खोलीत जायला दार ठेवले नाही. आधी बाहेर रस्त्यावर या आणि पुन्हा दिंडीतून तिकीट काढून आत शिरा. आणि हा नंबर आता नुसता बोलण्याचा राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, गॅसचा निरोप त्यावर येतो, आधार त्याला जोडलेले आहे. रिचार्ज थकला की काही दिवसांनी येणारे एसएमएसही बंद पडतात, आणि मग स्वतःच्या खात्यातल्या स्वतःच्या पैशांपुढे माणूस परका होतो. मी नोकरीत असताना खातेदाराची ओळख त्याच्या सहीने पटायची. सहीला दर अठ्ठावीस दिवसांनी पैसे पडत नसत.

ट्राय दर ठरवत नाही. ते कंपन्यांवर सोपवलेले आहे आणि त्यात आता मी पडत नाही. आज बाजारात तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल, एवढेच उरले आहेत. स्पर्धेने दर उतरतील ही आशा पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण व्यवहाराचा आकार कसा असावा हे प्राधिकरण सांगू शकते, आणि 2022 मध्ये व 2024 मध्ये त्याने ते सांगितलेही. आता एवढेच पुढे सांगावे : चालू असलेल्या कुठल्याही प्लॅनवर, मग तो नुसता बोलण्याचा का असेना, छोटे डेटा व्हाऊचर बसलेच पाहिजे आणि त्याची मुदत मूळ प्लॅनइतकी असली पाहिजे. ग्राहकाने मधेच प्लॅन बदलला तर उरलेल्या दिवसांची रक्कम नव्यात वळती व्हावी. मुदत ठेव मोडली तरी आम्ही मुद्दल बुडवीत नव्हतो. उरलेला डेटा निदान पुढच्या रिचार्जपर्यंत तरी जिवंत ठेवावा. आणि महिन्यातून एकदा, न मागता, मराठीत, एका एसएमएसमध्ये हिशेब यावा – घेतले किती, वापरले किती, उरले किती. यातले काहीही अवघड नाही. कंपन्यांच्या संगणकांत हे सगळे आकडे सेकंदासेकंदाला आहेतच. ते आपल्याला फक्त ‘नव्वद टक्के संपले’ हे सांगण्यासाठी वापरले जातात.

माईला पुढच्या वेळी मी 28 दिवसांना एकूण दोन जीबी देणारा 199 चा प्लॅन घालून दिला. तो आधीपासून होता. यादीत पार खाली. ‘‘काका, तो कोणी घेत नाही,’’ म्हणून मुलाने दाखवला नव्हता. दोन जीबी म्हणजे तिला चिक्कार. वर्षाचे 2587 रुपये होतील. फेब्रुवारीत भरलेले सहा महिने गेले ते गेले.

गेल्या महिन्यात तिच्याकडे होतो. सकाळी सात वाजता ती पडवीच्या तिसऱ्या पायरीवर, खुर्चीत बसली. नेट सुरू केले. ग्रुप वाचला, कुणाच्या तरी बारशाच्या फोटोला नमस्काराचे चित्र पाठवले, रेशनच्या दुकानात साखर आल्याचे मला सांगितले आणि लगेच नेट बंद केले. पुन्हा संध्याकाळी दिवेलागणीला तेवढेच. मधल्या वेळात बंद.

मी म्हटले, ‘‘अगं, दिवसभर चालू ठेवलंस तरी चालेल. पुरून उरतंय.’’

‘‘उरू दे की,’’ ती फोन फडक्यात गुंडाळत म्हणाली, ‘‘पुढच्या महिन्यात होईल.’’

मी तिला काही सांगितले नाही.